पावसाआधी डोंगर चढा

चिखलदऱ्याला पावसाळी पर्यटकांची रीघ लागली की आपल्या गिर्यारोहण क्लबांच्या बचावपथकांचे फोन वाजू लागतात. कुणी गाविलगडाच्या तटावरून घसरलेला, कुणी दरीच्या काठावर सेल्फीपायी तोल गेलेला. दोर, हार्नेस, स्ट्रेचर घ्यायला देणग्याही मिळतात. मिळाव्यातच. पण दरीतून काढलेला जखमी डांबरी रस्त्यापर्यंत कुणाच्या खांद्यावर येतो, हे पथकातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ऐन पेरणीचा दिवस मोडून आलेल्या त्या कोरकू पोरांची मजुरी किती क्लबांच्या हिशेबात दिसते? चहा-बिस्किटांवर त्यांची बोळवण करणं आता पुरे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचं नावच नव्हतं. गाडीरस्ता नव्हता, जेसीबी चढत नव्हता. माणसं पायवाटेने वर गेली आणि हातांनी चिखल उपसत राहिली. गिर्यारोहकांचं मोल त्या दिवशी राज्याला कळलं. मेळघाटातली आपत्ती मात्र अशी एका रात्रीत कोसळत नाही, म्हणून तिच्यामागे कॅमेरे धावत नाहीत. जुलै २०२२ मध्ये पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीचं दूषित पाणी पिऊन माणसं दगावली. बिल थकल्यामुळे पाणीपुरवठ्याची वीज तोडलेली होती, इतकं साधं कारण. तिथे दोराचा काय उपयोग?

पुण्याची ‘मैत्री’ ही संस्था १९९७ पासून पावसाळ्यात मेळघाटात धडक मोहीम चालवते. स्वयंसेवकांच्या तुकड्या आळीपाळीने गावात मुक्काम करतात, घरोघर फिरून आजारी मुलं शोधतात. पुण्याहून लोक येतात आणि परतवाड्या-अकोटचे आपण नरनाळ्यावर झेंडा लावून घरी जातो, हे जरा खटकायला हवं. (झेंड्याला विरोध नाही.) आठ-आठ दिवसांच्या तुकड्या आपणही पाठवू शकतो. मात्र आपली वेगळी चूल मांडू नका. धारणीजवळ उतावलीत डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ संस्था वर्षानुवर्षं काम करते आहे. गावात आशाताई आहेत, भूमका म्हणजे पारंपरिक वैदू आहे. आधी त्यांना विचारा. जुने कपडे तर अजिबात नेऊ नका.

काम वरवर किरकोळ दिसतं. जुलाब झालेल्या लेकरासाठी क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात घालायची, पण घरात लिटरचं माप नसतं. लिटरची बाटली सोबत न्या, त्या घरच्याच गुंडीत रिकामी करा, पाणी कुठवर आलं ते आईला बोट लावून दाखवा, आणि पुढची पुडी तिलाच कालवू द्या. हे जमलं तर नाला चढलेला असताना आणि दवाखान्याची वाट बंद असतानाही लेकरू तग धरतं.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या गावांसाठी परवानगी लागते. अर्ज मे महिन्यातच टाका. जखमींना खांद्यावर आणणाऱ्या डोलीवाल्यांच्या मजुरीचं खातं मात्र आजच उघडा, आणि दर गावकऱ्यांबरोबर बसून ठरवा.