आधी ठोकून बघा, मग पैसे मोजा

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत हल्ली साथ आलीय: स्वयंपाकघर फोडा. आजेसासूबाईंच्या वेळची कोटा लादी अजून अभंग आहे, फक्त सांधे काळे पडलेत. ते खरवडून भरले की झालं! पण नाही, "जुनाट दिसतं". मग आरशासारखी टाइल. तेलाचा एक थेंब, वर पाण्याचा शिंतोडा, आणि घरात 76 वर्षांच्या आई. अहो, जमिनीला मॅट घ्या ना!

आणि भांडण कशावर? रंगावर. बसवणं कोणी बघतच नाही. आमच्या शेजारी कडियाने पाच ठिकाणी सिमेंटचे गोळे थापून व्हिट्रिफाइड टाइल चिकटवली. खाली सगळी पोकळी; वरवंटा पडला, तडा गेला. ही टाइल पाणी जेमतेम अर्धा टक्का शोषते, नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही. तिला चिकटवायचा मसालाच लागतो, तोही खाली सगळीकडे पसरून. तो "नकामा खर्च" म्हणे! चिमणीला मात्र पैसे आहेत.

"सांधा दिसायला नको" हा हट्टही सोडा. दोन मिलिमीटर फट हवीच, नाहीतर कडा एकमेकींवर चढतात.

हिशोब चुकता करण्याआधी रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाइल ठोका, कोपरेसुद्धा. ढबढब वाजली तर खडूने फुली मारा. मग बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे न जाता ओट्याखाली साचलं, तर कडियाला म्हणावं, "भाई, फरी करो."