करिअर नव्हे, कॅरिअर!

तुमच्या सायकलला कॅरिअर आहे का? नसणारच! २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्यापैकी कित्येकांनी जाम उत्साहात गिअरवाल्या सायकली घेतल्या. एकवीस गिअर, डिस्क ब्रेक, मॅट फिनिश... आणि मागे मेथीची जुडी ठेवायला जागा नाही. मडगार्ड नाही, धड स्टँड नाही. दुकानदाराला विचारा, तो म्हणणार, 'लुक जातो मॅडम.' म्हणजे एवढे पैसे मोजून आणलेली सायकल वाहून काय नेते, तर फक्त आपल्याला.

आता जरा खारदांड्यात या. कार्टर रोडच्या प्रॉमनेडवरून उत्तरेकडे चालत राहिलात की कॉफी शॉप्स मागे पडतात आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास सुरू होतो, तेच खारदांडा. इथल्या एका मावशीशी माझी मासे घेता घेता ओळख झाली. तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन बिल्डिंगी पालथ्या घातलेली बाई. गेल्या वर्षी तिच्या मानेनं संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर वजन बंद. रिक्षावाल्यांना माशांची पाटी दिसली की त्यांना अचानक दुसरीकडे जायचं असतं. रोज टेम्पो करायला परवडत नाही, आणि गिऱ्हाईक सगळं दारोदारचं, बाजारात बसायला हक्काची जागा नाही. थोडक्यात, पाटी थांबली तर धंदाच थांबणार.

घरात आजोबांची एक काळी ॲटलस होती. (ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला. नेमका जागतिक सायकल दिन! टायमिंग बघा.) तिचं कॅरिअर गंजून कधीच गळून पडलं होतं. मावशीचा मुलगा म्हणाला, आपणच बनवू. मी नुसती बघायला गेले होते, पण दहा मिनिटांत हातात पाना आला.

माल कुठून आणला? भंगारातून. एका बंद पडलेल्या ऑफिसचं फायलींचं रॅक मिळालं, ते भोकाभोकांच्या अँगलचं असतं ना, ते. एका लोखंडी खाटेचे दोन अँगल, आणि एका मोडक्या सायकलचा जाडजूड स्टँड. भोकांचा अँगल दिसायला मस्त, मेकॅनोसारखा, हवा तिथे बोल्ट लावा. पण त्याचा पत्रा पातळ. खड्ड्यांचे दणके बसले की तो वाकणार आणि त्याच्या कडा हात कापणार. म्हणून त्याचा फक्त वरचा प्लॅटफॉर्म केला, कडा कानशीनं घासून. वजन पेलणारे पाय मात्र खाटेच्या अँगलचे. खाटेनं अख्खं कुटुंब पेललंय, पापलेटांचं काय घेऊन बसलात!

आता खरा फंडा. गॅस सिलिंडरवाल्याची सायकल कधी नीट बघितलीय? घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, पण लोखंडासकट भरलेली टाकी साधारण तीस किलोंची. अशा तीन-चार टाक्या दोन्ही बाजूंना हुकांवर लटकवून तो माणूस ट्रॅफिकमधून जातो. वजन जमिनीच्या जितकं जवळ आणि मागच्या एक्सलच्या जितकं नेमकं वर, तितकी सायकल शहाण्यासारखी वागते. वजन एक्सलच्या मागे सरकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकेनासं होतं. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या चाचांनी हेच एका वाक्यात सांगितलं, 'वजन एक्सल पे उतारो, फ्रेम पे नहीं.' म्हणून आमच्या कॅरिअरचे दोन्ही पाय सरळ खाली एक्सलच्या नटाखाली गेले. सीटखालच्या नळीला फक्त पुढचा आधार. आणि दोन पायांमध्ये एक तिरकी पट्टी, कारण नुसता चौकोन डोलतो, त्रिकोण डोलत नाही.

मुलाला सिलिंडरवाल्यासारख्या दोन बाजूंना दोन पेट्या हव्या होत्या. आम्ही आधी पुठ्ठ्याचे खोके बांधून बघितले. मावशी सायकल चालवणार नाही, ढकलत नेणार. चार पावलं टाकली आणि म्हणाली, 'बाय, हा खोका माझ्या पोटरीला लागतो.' विषय संपला! मग एकच प्लॅस्टिक क्रेट, टायरच्या लगेच वर आणि आडवा ठेवलेला. लांबी हँडलच्या रुंदीएवढी, म्हणजे दांड्याच्या बोळांत जिथून हँडल जाईल तिथून क्रेटही जाईल. तो बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. बर्फ कायम सीटच्या बाजूला.

बर्फावरून आठवलं. तो वितळतो, आणि ते खारट पाणी चेनवर टपकलं तर महिन्याभरात चेनचं लोणचं. म्हणून क्रेटखाली पत्र्याचा ट्रे आणि एका कोपऱ्यातून बाजूला सोडलेली रबरी नळी. लोखंडाला आधी रेड ऑक्साइड, मग रंग. नट सगळे नायलॉक, नाहीतर खड्डे ते एकेक करून सोडवतात. आणि जीआय पाइप स्वस्तात मिळाला तरी वेल्डिंगला देऊ नका. त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी-ताप भरतो. चाचांनी तसा पाइप हातातही घेतला नाही.

खर्च? वेल्डिंग, रंग, नट-बोल्ट धरून हजाराच्या आत. वेळ तीन रविवार. त्यातला एक अख्खा स्टँडवर गेला, कारण मावशी दारात मासे कापत असताना सायकल आडवी झाली तर सगळंच संपलं. स्टँडचे पाय एकेका बाजूला चार बोटं फाकवले, तेव्हा ती क्रेटसकट हलेना.

आता ती सकाळी पस्तीसेक किलो घेऊन निघते. मान सरळ. उतारावर मात्र मुलगा बरोबर असतो, कारण जुन्या रॉड ब्रेकचे रबर ओल्या स्टीलच्या रिमवर नीट धरत नाहीत, आणि मागे वजन असलं की आणखीच कमी.

तुमच्या गिअरवालीला असलं काही करायचंय? आधी मागच्या एक्सलजवळ फ्रेमला बोल्टाची भोकं आहेत का ते बघा. डिस्क ब्रेक असेल तर तिथला कॅरिअरचा पाय थोडा बाहेर काढावा लागेल. सीटच्या दांड्याला चिमट्यासारखं पकडणारं रेडिमेड कॅरिअर मिळतं, पण त्यावर बऱ्याचदा दहा किलोंच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. लॅपटॉप आणि डबा ठीक, कांद्याची गोणी नाही.

मावशीकडे मात्र काम अजून बाकी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद, म्हणजे दोन महिने सुकी मासळी. बोंबील नि जवळा, वजनाला काहीच नाही पण जागा खाणार दुप्पट. त्यासाठी क्रेटच्या वर जाळीची भिंत आणि ताडपत्रीचं छप्पर पाहिजे. भंगारवाल्याकडे टेबलफॅनच्या चार जाळ्या बाजूला काढून ठेवायला सांगितल्यात.