गाय न पकडणारा काऊकॅचर

एखाद्या लहान मुलाला आगगाडीचं चित्र काढायला सांगा. त्यानं वाफेचं इंजिन रुळावर धावताना कधी पाहिलेलं नसतं, तरी तो धुरांडं काढतो, ढगांसारखा धूर काढतो आणि पुष्कळदा इंजिनाच्या तोंडाशी, अगदी खाली, उतरत्या दांड्यांची एक जाळीही काढतो. इंजिनानं दाढी राखलीये असं वाटावं अशी. ती जाळी म्हणजे काऊकॅचर. आज तिच्याबद्दल बोलूया.

मी राहते मैसूरच्या मेटगळ्ळीत. इथून के.आर.एस. रोडनं गावात निघालं की वाटेत रेल्वे म्युझियम लागतं. 1979 साली सुरू झालेलं, दिल्लीच्या संग्रहालयानंतरचं देशातलं दुसरं. महाराणींचा 1899 सालचा शाही डबा बघायला लोक गर्दी करतात, रुळांवर चालणाऱ्या ऑस्टिन मोटारीपुढे फोटो काढतात. इंजिनाच्या पायाशी वाकून बघणारी सहसा मुलंच. मे महिन्यात पुण्याहून माझी दोन मावसभावंडं आली होती, त्यांना तिथे नेलं. धाकटी सात वर्षांची. काऊकॅचर हा शब्द ऐकल्याबरोबर तिनं विचारलं, "ताई, मग पकडलेली गाय ठेवायचे कुठे?"

प्रश्न चुकीचा नाही, नावच फसवं आहे. काऊकॅचर गाय पकडत नाही. तो तिला बाजूला उडवतो. आणि हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण तो गाईला वाचवण्यासाठी लावलेलाच नव्हता. तो होता गाडीसाठी.

रेल्वेचं चाक रुळावर कशाच्या आधारानं टिकतं, ठाऊक आहे? चाकाच्या आतल्या कडेला एक ओठ असतो. त्याची उंची जेमतेम तीन सेंटिमीटर. शेकडो टनांची गाडी तेवढ्याशा ओठाच्या भरवशावर रुळ धरून चालते. समोरून सपाट असलेल्या इंजिनानं जनावराला धडक दिली, तर ते आडवं पडून चाकाखाली जाऊ शकतं. चाक त्याच्यावर चढलं, तो ओठ रुळाच्या वर आला की गाडी घसरली. म्हणून मग पाचरीच्या आकाराची जाळी. मधे टोक, दोन्ही बाजूंना उतार, तळ रुळापासून थोडासाच वर. समोर जे येईल ते या उतारावरून डावीकडे नाहीतर उजवीकडे घसरून रुळाबाहेर पडावं, इतकाच हिशेब. शेतात नांगराचा फाळ माती दोन्हीकडे सारतो, तसंच हे.

ही कल्पना सुचली कोणाला? एक नाव वाचून तुम्हाला गंमत वाटेल. चार्ल्स बॅबेज. संगणकाचा जनक म्हणून शाळेत ज्यांचं नाव पाठ केलं, तेच. 1830 मध्ये इंग्लंडात लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तेव्हा रुळावरचा अडथळा बाजूला सारणारं काहीतरी इंजिनापुढे बसवा, असं त्यांनी सुचवलं होतं. पण इंग्लंडात ते रुजलं नाही. तिथे कायद्यानंच रेल्वे कंपन्यांना रुळाच्या दोन्ही बाजूंनी कुंपण घालावं लागलं. जनावर आतच येणार नाही, तर जाळी हवी कशाला? (घरात कोणी 'थॉमस' नावाच्या इंजिनाच्या गोष्टी बघत असेल, तर त्यातला चौकोनी टोबी आठवून बघा. त्याला काऊकॅचर आहे, कारण तो रस्त्याकडेनं, कुंपणाविना धावणाऱ्या ट्रामचं इंजिन.)

अमेरिकेत मात्र मैलोन् मैल मोकळं रान आणि गुरं मोकाट. 'जॉन बुल' नावाचं इंजिन 1831 मध्ये इंग्लंडहून सुट्या भागांत तिकडे गेलं आणि आयझॅक ड्रिप्स या तरुण मेकॅनिकनं ते जोडलं. पुढे त्याच इंजिनाला त्यानं पुढची जाळी बसवली. असं सांगतात, की त्याचा पहिला नमुना टोकदार काट्यांचा होता. एक बैल त्यात असा रुतला की त्याला काढता काढता नाकी नऊ आले. मग काटे गेले. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, आजीला सात वर्षांची नात जो प्रश्न विचारेल त्याचं उत्तर त्यात आहे. गाय खरोखर पकडली गेली, तर काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं!

आता आपल्याकडे या. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे. पुढच्या काही दशकांत रूळ देशभर पसरले. पण हजारो किलोमीटरला कुंपण कोण घालणार? रूळ गेले ते कोणाच्या तरी गायरानातून, कोणाच्या शेताच्या बांधावरून, पाणवठ्याच्या वाटेवरून. गुरांनी आपली वाट बदलली नाही. बदलायची का, हेही त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मैसूरच्या बाबतीत तर हे आणखी खरं. इथल्या राजांची गुरं म्हणजे राज्याची दौलत होती. अमृतमहाल ही जात राजघराण्यानं जोपासलेली. तिचे बैल हैदर आणि टिपूच्या सैन्याच्या तोफा ओढत. त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या कुरणांना इथे 'कावल' म्हणतात. या मुलखात 1882 मध्ये बंगळूर-मैसूर मीटरगेजची गाडी धावू लागली. जिथे दोनशे वर्षं गुरांचा पहिला हक्क मानला गेला, तिथे आता जाळी लावलेलं इंजिन शिट्टी मारत येऊ लागलं. गुराख्याला काय वाटलं असेल, हे कोणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. इंजिनांची माहिती मात्र क्रमांकासकट मिळते.

वाफेची इंजिनं गेली, पण जाळी गेली नाही. डिझेल आली, विजेवरची आली, तिचं नाव 'कॅटल गार्ड' झालं. पुढच्या वेळी फलाटाच्या टोकाला उभे राहाल तेव्हा इंजिनाच्या खालच्या भागाकडे बघा. रुळाच्या वर, चाकांच्या पुढे, जाड लोखंडी पट्ट्यांचा किंवा पत्र्याचा आडवा भाग दिसेल. पणजोबांच्या दाढीची ही कातरलेली आवृत्ती.

आणि मग आली वंदे भारत. तिचं नाक निमुळतं, गुळगुळीत, फायबरचं. धडक बसली तर ते तुटावं आणि मागची गाडी शाबूत राहावी, अशीच त्याची रचना आहे. 30 सप्टेंबर 2022 ला गांधीनगर-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि 6 ऑक्टोबरला अहमदाबादेत वटवा ते मणिनगर दरम्यान म्हशींच्या कळपावर आदळली. नाक तुटलं. दुसऱ्या दिवशी आणंदजवळ गाय. महिनाअखेरीस वलसाडकडे अतुलजवळ बैल. आमची मैसूर-चेन्नई वंदे भारतही त्याच नोव्हेंबरात सुरू झाली आणि त्याच महिन्यात अरक्कोणमजवळ वासराला धडकली. तुटलेल्या नाकाचे फोटो तुमच्या फॅमिली ग्रुपवर नक्की आले असतील. "एवढी महागाची गाडी आणि म्हशीनं मोडली!" असं म्हणून आपण सगळे हसलो.

त्या फोटोंत म्हैस नव्हती. म्हशीचा मालकही नव्हता. त्याच्यावर रेल्वे सुरक्षा दलानं गुन्हा नोंदवला, कारण रेल्वेच्या हद्दीत जनावर सोडणं हा कायद्यानं अपराध आहे. कायद्याचं मला कळतं. शंभराच्या वेगातली गाडी ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तरी कित्येकशे मीटर पुढे जाते, आत हजारभर माणसं असतात. पण दोन म्हशींच्या दुधावर ज्याचं घर चालतं, त्याच्यासाठी ती सकाळ काय असेल, याचाही विचार करा. शिवाय दोन्ही बाजूंनी शहर वाढलं, गायरान गेलं, उरलं ते रुळाकडेचं गवत. म्हैस तिथे जाणार नाही तर कुठे?

"गायच मेली ना, गाडीला काय होतंय" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक तारीख. 30 जुलै 1984, स्कॉटलंडमधलं पोलमाँट. तुटक्या कुंपणातून एक गाय रुळावर आली. गाडीला इंजिन मागून ढकलत होतं, पुढे हलका डबा होता. गाय चाकाखाली गेली, डबा घसरला, 13 माणसं गेली. ज्या देशानं 'आम्हाला जाळीची गरज नाही' म्हटलं होतं, त्यानं त्यानंतर अशा डब्यांच्या पुढे अडथळा सारणाऱ्या पट्ट्या बसवल्या. बॅबेजनी सुचवल्यानंतर दीडशे वर्षांनी!

मुंबई-अहमदाबाद मार्गावर पुढे सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास लोखंडी कुंपण उभं राहिलं. इंग्लंडनं जे सुरुवातीलाच केलं, ते आपण वेग वाढल्यावर केलं. माझ्या मते ते योग्यच आहे, जाळीपेक्षा कुंपण केव्हाही बरं, कारण त्यात जनावरही वाचतं. फक्त कुंपण घालताना गुरांना पलीकडे जायला भुयारी वाट ठेवली आहे का, पाणवठा कोणत्या बाजूला राहिला, हे विचारायला हवं. तुमचं गाव रुळाकाठी असेल तर ग्रामसभेत विचारा. नकाशावर कुंपण एक रेघ असते, पण गुराख्याला तीच रेघ रोजचा दोन-तीन किलोमीटरचा वळसा ठरू शकते.

आणि मैसूरला आलात तर म्युझियममध्ये मुलांना मोकळं सोडा. कन्नडमध्ये गाईला 'हसु' म्हणतात, एवढं आधी सांगून ठेवा. माझ्या मावसबहिणीनं परतीच्या वाटेवर जाळीला नवं नाव देऊन टाकलं, 'हसु-हटाव'.