पीएच ३.५ चा मुरघास आणि रिकामी न होणारी गव्हाण

मुरघासाच्या जाहिरातींत हल्ली एकच आकडा ठळक असतो. कोणी पीएच ३.७ लिहितो, तर शेजारचा लगेच ३.५ लिहितो. जितका आंबट तितका भारी! गोरेगाव, जोगेश्वरीकडचे तबेलेवालेही आता पट्टी बुडवून भाव करायला लागलेत. माझं स्पष्ट मत आहे, नुसत्या पीएचवर मुरघास घेणारा पैसे देऊन पाणी घेतो आणि वर म्हशीचं पोटही बिघडवतो.

पीएच उतरला की चारा सडत नाही, हे खरंच आहे. फिनलंडच्या विर्तानेन यांनी चाऱ्यात आम्ल घालून पीएच ४ च्या खाली आणायची पद्धत काढली, १९४५ चं नोबेलही मिळालं. पण ते शास्त्र चारा टिकवायचं. जनावर तो किती खाईल, हा प्रश्न वेगळा. १९७० मध्ये इंग्लंडात मॅक्लिओड, विल्किन्स आणि रेमंड यांनी तेच तपासलं. आंबट मुरघासात सोडा मिसळला तर जनावरांनी जास्त खाल्लं, उलट लॅक्टिक आम्ल घातलं तर खाणं कमी झालं. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला, आणि आपण अजून आंबटपणाचीच शर्यत लावतोय.

आता हा फार आंबट माल येतो कुठून? बहुतेक वेळा ओल्या मक्यातून. पावसाळ्यात दाणा दुधात असतानाच मका कापतात, कारण वजन भरतं. अशा चाऱ्यात २०-२२ टक्केच सुका भाग. पाणी जास्त म्हणून आंबवण लांबतं, आम्ल वाढतं, पीएच छान खाली दिसतो. दाणा अर्धा पिठूळ झाल्यावर कापलेल्या मक्यात सुका भाग ३२-३५ टक्के, त्याचा पीएच ३.८ ते ४.२ राहतो, आणि तोच चारा म्हैस चाटूनपुसून खाते. लसूणघासाच्या मुरघासाचा तर ४.५ आला तरी चांगला असू शकतो. पट्टीवाला तो नापास करेल!

हिशेब करा. समजा भाव ६ रुपये किलो. १०० किलोत ३५ किलो सुका भाग असेल तर सुका चारा १७ रुपये किलो पडला. २२ किलोच असेल तर २७ रुपये. एका किलोमागे १० रुपये कुठे गेले? पाण्यात.

दुसरं, पीएच आम्लाची जात सांगत नाही. लॅक्टिक आम्लाला जवळजवळ वास नसतो. पोतं उघडल्यावर नाकात झणका बसला तर ते व्हिनेगरवालं ॲसेटिक आम्ल, ते वाढलं की खाणं हमखास घटतं. खवट तुपासारखी घाण आली तर ब्युटिरिक, तो माल परतच करा. झणझणीत वास म्हणजे कडक माल, असं एका विक्रेत्याने मला तोंडावर ऐकवलं होतं. त्याला म्हटलं, दोन दिवस तूच खाऊन बघ.

मुंबईच्या तबेल्यात याचा फटका जास्त. ताजी व्यालेली म्हैस महागात आणायची आणि आटली की विकायची, असा बऱ्याच ठिकाणी धंदा. पहिल्या तीन महिन्यांत खाणं तुटलं तर गेलेलं दूध परत येत नाही. त्यात पेंड, चुनी भरपूर आणि बारीक ओला मुरघास, म्हणजे रवंथ कमी, लाळ कमी. लाळेतच तर म्हशीचा स्वतःचा सोडा असतो! वरून खायचा सोडा देता येतो, डॉक्टरांना विचारून द्या, पण त्याने ओला माल सुका होत नाही. आंबट माल गळ्यात पडलाच असेल तर भाताचा पेंढा मिसळा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

विकत घेताना एवढं करा. मुठीत दाबा, बोटांतून पाणी ठिबकलं तर सौदा तिथेच थांबवा. शंका असेल तर १०० ग्रॅम तोलून तव्यावर मंद आचेवर सुकवा, करपू देऊ नका, वजन उतरायचं थांबेपर्यंत. ३० ग्रॅमच्या खाली आलं तर भाव त्याच हिशेबाने पाडून मागा. विक्रेत्याने पीएचची पट्टी पुढे केली तर तुम्ही तवा पुढे करा.