पाहणे आणि सांगणे : कलादालनाच्या सुगमतेविषयी

चित्र हे पाहण्यासाठी असते, हे विधान इतके स्वयंसिद्ध वाटते की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. भाषा-साहित्याच्या अभ्यासकांना तर चित्रकला हा आपल्या हद्दीबाहेरचा, म्हणून आदराने दूर ठेवण्याचा प्रांत वाटतो. विद्यार्थ्यांना घेऊन समकालीन कलेच्या एखाद्या दालनाला भेट देण्याचा प्रसंग आला की आपण तिकिटे, बस आणि जेवणाची वेळ एवढी व्यवस्था पाहतो. पुढचे काम ज्याचे त्याचे डोळे आणि पाय करतील, असे गृहीत धरतो. हे गृहीत ज्यांच्या बाबतीत लागू पडत नाही अशा सहाध्यायांसह ही भेट आखावयाची झाली तर काय करावे लागते, आणि त्यात भाषेच्या अभ्यासकाचा वाटा कोणता, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रश्न सुचला तो एका फसलेल्या भेटीमुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाच्या अशाच एका अभ्यासभेटीत एक दृष्टिहीन विद्यार्थिनी होती. तिची दृष्टी वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी गेलेली. रंग तिला आठवत होते. दालनात पोहोचताच तेथील सेवकाने मोठ्या सौजन्याने तिला एका बाकावर बसविले आणि आम्ही इतर मंडळी भिंतींकडे वळलो. काही वेळाने संकोच वाटून मी तिच्याजवळ गेलो व समोरच्या मोठ्या चित्राविषयी म्हणालो, "निळे आहे. फार सुंदर आहे." तिने शांतपणे विचारले, "सर, निळे म्हणजे कसे? शाईसारखे, नीळ घातलेल्या कपड्यासारखे, की पाऊस येण्याआधीच्या आभाळासारखे?"

उत्तर देण्यासाठी मी पुन्हा चित्राकडे वळलो, तेव्हा ध्यानात आले की मी ते पाहिलेच नव्हते. वरच्या भागात रंग शाईसारखा दाट होता. खाली येता येता तो विरत गेला होता. मध्यावर रंग खरवडून काढलेला एक आडवा पट्टा होता आणि त्यातून खालचा पिवळसर थर डोकावत होता. हे सांगताना मी वारंवार अडखळलो. अडखळतो आहे हे पाहून इतर विद्यार्थी जमले, माझ्या चुका दुरुस्त करू लागले, 'पट्टा' की 'ओरखडा' यावर त्यांच्यात वाद झाला. त्या दिवशी त्या एका चित्रापाशी आम्ही जितके थांबलो तितके दुसऱ्या कोठेही थांबलो नाही. साहित्याच्या अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माणसाला एका निळ्या रंगासाठी शब्द सापडू नयेत, ही गोष्ट मात्र मनाला लागून राहिली.

तेथे दोष कोणाच्या हेतूचा नव्हता. दोष होता तो आखणीचा. आमची आखणी दालनाच्या दारापाशी संपली होती. वास्तविक ती घरून निघण्यापूर्वी, आणि ज्यांच्यासाठी करावयाची त्यांनाच विचारून सुरू व्हावयास हवी. 'तुला काय दिसत नाही' या प्रश्नापेक्षा 'तू एरवी कसे समजून घेतेस' हा प्रश्न अधिक उपयोगाचा. त्यानंतर दालनाकडे चौकशी करावी ती नेमकी करावी. 'सोय आहे ना?' असे विचारले की 'आहे' असेच उत्तर येते. प्रवेशद्वाराशी पायऱ्या किती? उतरण असल्यास तिचा चढ किती? एक फूट उंची गाठण्यास निदान बारा फूट लांबीचा उतार लागतो. त्याहून तीव्र उतारावर चाकाच्या खुर्चीतील माणसाला दुसऱ्याच्या हातांवर विसंबावे लागते. उद्वाहक सर्व मजल्यांवर थांबतो काय? प्रसाधनगृहाच्या दारातून खुर्ची आत जाते काय? टेकण्यासाठी बाके कोठे कोठे आहेत? हे प्रश्न रूक्ष आहेत खरे. परंतु ज्याला पहिल्या पायरीपाशीच थांबावे लागते त्याच्यासाठी सौंदर्यशास्त्राचा पहिला अध्याय तेथेच संपतो.

समकालीन कलेच्या बाबतीत या चौकशीला आणखी एक अंग आहे. चौकटीतले चित्र भिंतीवर स्थिर असते. आजची कलाकृती मात्र कित्येकदा जमिनीवर पसरलेली, छतापासून लोंबणारी, काळोख्या खोलीत चालू असलेली, आवाजाने वा वासाने भरलेली असते. अंधाऱ्या खोलीत अल्पदृष्टी माणूस पाऊल टाकू शकत नाही. लुकलुकणारा तीव्र प्रकाश अपस्माराच्या रुग्णाला धोक्याचा ठरू शकतो. चित्रफितीतील संभाषण खाली अक्षरांत उमटत नसेल तर कर्णबधिर प्रेक्षकासाठी ती मुकी राहते. आणि एकाच वेळी चार बाजूंनी येणारे आवाज स्वमग्न प्रेक्षकाला असह्य होऊ शकतात. उलटपक्षी, जी कला ध्वनी, गंध आणि स्पर्श यांची सामग्री वापरते, ती केवळ डोळ्यांवर अवलंबून नसल्यामुळे अधिक लोकांना सामावून घेऊ शकते. म्हणून कोणत्या दालनात काय मांडले आहे, हे अगोदर जाणून घेऊनच क्रम ठरवावा. सगळे पाहण्याचा हट्ट सोडून चार-पाच कृती निवडाव्यात आणि गर्दी नसलेली वेळ मागून घ्यावी.

ही मागणी कृपेची नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत आणि त्याच्या एकोणतिसाव्या कलमात, सांस्कृतिक जीवनातील सहभागाच्या संदर्भात, कला अपंग व्यक्तींना सुगम करून देण्याचा स्पष्ट निर्देश आहे. सुगमतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे राहून चालणार नाहीत, त्यांतील किमान निकष बंधनकारकच हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सांगितले. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख नोंदली गेली होती. इतक्या लोकांना 'अपवाद' म्हणणे हे भाषेच्या दृष्टीनेही अशुद्धच ठरेल.

परंतु कायदा उतरण बांधवू शकतो. चित्राचे वर्णन तो लिहू शकत नाही. येथे आपले काम सुरू होते. आपल्या दालनांतील पाट्यांवर बहुधा इंग्रजी असते, काही ठिकाणी हिंदी. आणि या दोन्ही भाषांतील मजकूर कलाकाराचे नाव, साल व माध्यम यांपुढे क्वचितच जातो. नाशिकहून वा नांदेडहून आलेल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला दिल्लीतील दालनात मराठीत वर्णन ऐकावयास मिळावे, तसेच तमिळ वा असमिया विद्यार्थ्यास त्याच्या भाषेत मिळावे, ही अपेक्षा अवाजवी मानण्याचे कारण नाही. लिपीचा प्रश्न तर येथे अनपेक्षितपणे सुटलेला आहे. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये समान उच्चाराच्या अक्षराला भारतीय भाषांत सामान्यतः समान बिंदूरचना दिलेली आहे. मराठीचा 'क' आणि बंगालीचा 'क' बोटांखाली एकच असतो. डोळस वाचकांच्या लिप्या जेथे वेगळ्या राहिल्या तेथे दृष्टिहीनांची लिपी एक झाली, ही भारतीय साहित्याच्या ऐक्याची चर्चा करणाऱ्यांनी विसरू नये अशी घटना आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. चित्राची भाषा स्वायत्त आहे. तिचे शब्दांत रूपांतर करणे म्हणजे तिचा घात करणे. शिवाय वर्णन करणारा आपला अर्थ ऐकणाऱ्यावर लादतो. आक्षेपात तथ्य आहे. पण हाच आक्षेप भाषांतरावरही घेता येतो, आणि तरीही भाषांतरावाचून 'भारतीय साहित्य' ही संज्ञा आपल्यापैकी कोणालाही उच्चारता आली नसती. मूळ कन्नड न येणारा वाचक कन्नड कादंबरीविषयी मत बनवितो, तेव्हा तो अनुवादकावर विश्वास ठेवतो, आणि अनुवादकाने कोठे घोटाळा केला असेल याची शंकाही मनात बाळगतो. चित्रवर्णनाच्या श्रोत्याला तेवढाच विश्वास आणि तेवढीच शंका बाळगण्याचा अधिकार असावा. वर्णनकर्त्याने शिस्त पाळावी ती एवढीच की, आधी काय आहे ते सांगावे आणि त्याचा काय अर्थ वाटतो ते नंतर, वेगळे करून सांगावे. आकारमान, माध्यम, मांडणी, रंग, पृष्ठभाग, मग तपशील, असा क्रम ठेवल्यास ऐकणाऱ्याला स्वतःचे चित्र रचण्यास अवकाश राहतो. 'उदास चेहरा' म्हणण्यापूर्वी मान किती झुकली आहे ते सांगावे.

सोमनाथ होर यांच्या 'व्रण' मालिकेचे उदाहरण घेऊ. बंगालचा १९४३ चा दुष्काळ आणि नंतरचे तेभागा आंदोलन चितारणाऱ्या या कलावंताने १९७० च्या दशकात पांढऱ्या कागदावर पांढऱ्याच जखमा उमटविल्या. मातीच्या सपाट थरावर वार आणि ओरखडे, त्यावरून साचा, आणि त्या साच्यात कागदाचा लगदा, अशी ही रीत आहे. येथे रंग जवळजवळ नाहीच. जे आहे ते खळगे, उंचवटे आणि चिरा. ज्याची बोटे वाचू शकतात त्याला ही कृती डोळस प्रेक्षकाहूनही अधिक जवळची व्हावी. परंतु हाताचा ओलावा आणि तेलकटपणा कागदाला बाधतो, म्हणून मूळ कृतीला स्पर्श करू देता येत नाही, आणि हा निर्बंध न्याय्य आहे. त्यावर उपाय उठावाच्या प्रतिकृतीचा आहे, आणि प्रतिकृतीच्या जोडीला नेमक्या शब्दांचा आहे. 'जखम' म्हणावे की 'व्रण', 'चीर' म्हणावे की 'भेग', हा निर्णय कारागिराचा नसून भाषा जाणणाऱ्याचा आहे.

मराठीला असे शब्द परके नाहीत. द. ग. गोडसे यांनी कलाविचाराच्या ग्रंथाला 'पोत' हे नाव दिले, तेव्हा त्यांनी जो शब्द निवडला तो वस्त्राचा, अर्थात स्पर्शाचा होता. प्रभाकर बरवे यांनी 'कोरा कॅनव्हास'मध्ये चित्रकाराच्या विचारप्रक्रियेला मराठी गद्य मिळवून दिले. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत ओळखू येणारी वस्तू नसते. रोलर आणि सुरी यांनी चढविलेले व काढलेले थर असतात. ज्याला ते थर शब्दांत सांगता येतील त्याने चित्र खऱ्या अर्थाने पाहिले, असे म्हणावयास हरकत नसावी.

आणि दृष्टी गेली म्हणजे चित्राशी नाते तुटते, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी बिनोदबिहारी मुखर्जींचे चरित्र आठवावे. जन्मापासून अधू दृष्टी घेऊन आलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचे भव्य भित्तिचित्र १९४७ मध्ये पूर्ण केले. कबीर आणि तुलसीदास यांच्यासह तेथे परंपरेने अंध मानलेले सूरदासही आहेत. १९५७ मध्ये नेत्रशस्त्रक्रियेनंतर बिनोदबिहारींची उरलीसुरली दृष्टीही गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चिकटचित्रे केली, मूर्ती घडविल्या, कला भवनाच्या भिंतीसाठी फरश्यांचे भित्तिचित्र रचले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर अनुबोधपट केला. आणि 'चित्रकर' हे त्यांचे आत्मकथन बंगाली गद्यातील मोलाचा ऐवज ठरले. चित्रकार दृष्टिहीन असू शकतो हे मान्य करावयाचे आणि प्रेक्षक मात्र दृष्टिहीन असू शकत नाही असे धरून चालावयाचे, ही विसंगती आहे.

विष्णुधर्मोत्तर पुराणात राजा वज्र मूर्तिविद्या शिकू इच्छितो, तेव्हा मार्कंडेय त्याला सांगतात की चित्रसूत्रावाचून मूर्ती कळत नाही, नृत्यावाचून चित्र कळत नाही, वाद्यावाचून नृत्य आणि गीतावाचून वाद्य. गीतापाठोपाठ संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा यांचा विचार तेथे येतो. चित्राच्या वाटेवर भाषा लागते, हे आपल्या परंपरेला ठाऊक होते. आपण विद्याशाखांच्या भिंती उभारताना ते विसरलो.

म्हणून सूचना साधी आहे. विद्यापीठाच्या प्रत्येक भाषाविभागाने वर्षाकाठी जवळच्या दालनातील दहा कृतींची वर्णने आपल्या भाषेत तयार करावीत; ती दृष्टिहीन श्रोत्यांना वाचून दाखवावीत, त्यांना जेथे अडते तेथे ती पुन्हा लिहावीत, आणि ध्वनिमुद्रित करून व ब्रेलमध्ये उतरवून दालनाच्या स्वाधीन करावीत. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला हा मजकूर आगाऊ मिळाला तर त्याचेही काम सोपे होईल. यासाठी मोठा निधी लागत नाही. मात्र शब्दांनी पायरी ओलांडता येत नाही, हे ध्यानात ठेवून उतरणीची मागणीही त्याच पत्रात करावी.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न अजून माझ्यापाशी आहे. ते निळे नेमके कसे होते, याचे माझे त्या दिवशीचे उत्तर अपुरे होते. पुढच्या भेटीपूर्वी ते मला लिहून काढावयाचे आहे, आणि ते पुरेसे झाले की नाही हे तिलाच विचारावयाचे आहे.