खजिना आधी कागदात सापडतो!

बुडालेलं जहाज शोधून द्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, असं काम कुणी देऊ केलं तर? तुम्ही लगेच डायव्हिंगचा क्लास लावाल. थांबा, आधी जुनी अक्षरं वाचायला शिका.

‘अतोचा’चंच बघा ना. सोन्या-चांदीनं भरलेलं हे स्पॅनिश जहाज १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ वादळात बुडालं. मेल फिशर नावाचा खजिनाशोधक त्याच्या मागे लागला, पण भलत्याच बेटांजवळ शोधत बसला. त्याला वाट दाखवली यूजीन लायन यांनी. हे गृहस्थ तेव्हा इतिहासात पीएचडी करत होते! स्पेनमध्ये सेव्हिलच्या दप्तरखान्यात जुने कागद चाळताना त्यांना योग्य बेटांचं नाव मिळालं. फिशरचा शोध शंभरेक मैल पश्चिमेला सरकला. तरी मुख्य साठा हाती यायला १९८५ उजाडलं. मध्ये १९७५ साली बोट उलटून फिशरचा मुलगा, सून आणि एक सहकारी गेले.

मला लायन यांचं काम भारी वाटतं. पण ते कुणासाठी करतोय हे विचारायलाच हवं. खजिनाशोधकाला नाणी हवी असतात. खलाशाचा जोडा, फुटकं मडकं, कुठली वस्तू कुठे पडली होती, यात त्याचा पैसा अडकतो. इतिहास मात्र त्यातच असतो.

आणि सापडलं म्हणजे आपलं झालं, असंही नाही. अमेरिकेच्या ‘ओडिसी’ कंपनीनं २००७ मध्ये पोर्तुगालजवळून ‘मर्सिडीज’ जहाजावरची सुमारे सहा लाख नाणी काढून विमानानं मायदेशी नेली. हे आमच्या नौदलाचं जहाज, असं म्हणत स्पेन कोर्टात गेला. २०१२ मध्ये जवळपास १७ टन नाणी मुकाट परत गेली. वर वकिलांचं बिल!

हेच काम सरळ मार्गानंही होतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची रीफवरच्या जहाजाच्या अवशेषांतून हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांडी वर आणली. लिलाव नाही की कोर्टकज्जा नाही. जुन्या सागरी व्यापाराचा पुरावा तेवढा हाती आला.

कागद तर आपल्याकडेही ढिगानं आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. त्यात आरमाराबद्दल काय काय दडलंय, हे वाचणारे हवेत. मोडीचे वर्ग भरतात अधूनमधून. तुमच्या शहरात कधी आहेत, चौकशी करा.