रविवारचा चहा आणि कविता

1923 साली पुण्यात काही कवी रविवारी चहाच्या निमित्ताने जमू लागले आणि रविकिरण मंडळ उदयास आले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर व मनोरमा रानडे हे दाम्पत्य ही त्यातील प्रमुख नावे. एकमेकांस नवी रचना ऐकवावी, हा परिपाठ. पुढे यशवंत व गिरीश यांनी काव्यगायन सभागृहांत नेले. पुस्तक विकत न घेणाऱ्या गृहस्थाच्या कानीही कविता पडू लागली, हे मंडळाचे खरे कर्तृत्व होय. आचार्य अत्र्यांनी 1925 मध्ये ‘झेंडूची फुले’त या कवींची यथेच्छ थट्टा केली, पण मूळ चाल श्रोत्यांच्या ओठांवर नसती, तर विडंबनास हशा कसा मिळाला असता?

त्याच 1923 साली आपल्या विदर्भात, अमरावतीस, विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. ती रीतसर संस्था. शतक उलटले तरी नागपुरातून कार्यरत आहे. रविकिरण मंडळ मात्र स्नेहावर उभे होते; मित्र पांगले, तसे तेही विरले. वणीच्या व्यापारी घरांस हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. तथापि पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगावकर काव्यवाचनास गावोगाव निघाले, तेव्हा कविता ऐकणारा श्रोता त्यांना तयारच मिळाला.